‘डॉक्टर, तुम्हाला तरी पटतंय ना?’ : भ्रम धरून बसलेल्या माणसाशी बोलायचं कसं

काकूंनी पिशवीतून हिंगाची डबी काढली. प्लॅस्टिकची, आपल्या प्रत्येकाच्या फोडणीच्या डब्याशेजारी असते तशी. झाकण उघडलं तर आधी हिंगाचाच वास आला. आत कापसावर चार-दोन काळसर कण, धाग्याचे तुकडे, खपलीचे पापुद्रे. ‘‘हे बघा. काल रात्री दंडातून काढले. मुलगा म्हणतो, आईला वहम झालाय. आता तुम्हीच सांगा, हे काय आहे?’’ मागे उभ्या असलेल्या मुलानं कपाळाला हात लावला.

अंगात किडे फिरतात अशी खात्री बसलेली माणसं पुरावा बरोबर घेऊन येतात. पूर्वी युरोपात तो काडेपेटीतून यायचा, म्हणून पुस्तकांत याला ‘काडेपेटीचं लक्षण’ म्हणतात. स्वीडनच्या एकबोम यांनी १९३८ साली या आजाराचं नीट वर्णन केलं. इंदूरच्या लोकमान्यनगरात काडेपेटीची हिंगाची डबी होते, एवढाच फरक. (काकू म्हणजे कुणी एक बाई नव्हेत. तिघी-चौघींची मिळून, खाणाखुणा बदलून मी एक केली आहे.)

डबी टेबलावर आली की डॉक्टरपुढे दोन सोपे रस्ते असतात. एक, ‘‘काकू, किडेबिडे काही नाहीत, मनाचे खेळ आहेत.’’ दुसरा, ‘‘अरे बापरे, खरंच की! औषध देते, सगळे मरतील.’’ पहिल्यानं काकू परत येत नाहीत. दुसऱ्यानं येतात, पण आता डॉक्टरांनीच किड्यांवर शिक्का मारलेला असतो. हा लेख तिसऱ्या रस्त्याबद्दल आहे. नुकते कामाला लागलेले डॉक्टर, समुपदेशक, वॉर्डातल्या सिस्टर आणि ज्यांच्याकडे असा पेशंट सगळ्यात आधी येतो ते फॅमिली डॉक्टर, यांच्यासाठी मुख्यतः. घरच्यांनीही वाचायला हरकत नाही. रोजची लढाई तेच लढत असतात.

आधी शब्द

भास आणि भ्रम यांत आपण बोलताना गल्लत करतो. नसलेला आवाज ऐकू येणं, नसलेला माणूस दिसणं हा भास. भ्रम हा अर्थ लावण्यातला बिघाड. कॉलनीतली लाइट गेली हे सगळ्यांनी पाहिलं, पण ‘माझ्यावर नजर ठेवायला मुद्दाम घालवली’ हे फक्त एकालाच कळलं, आणि त्याबद्दल त्याला तिळमात्र शंका नाही.

कार्ल यास्पर्स या जर्मन मनोविकारतज्ज्ञानं १९१३ साली भ्रमाच्या तीन खुणा सांगितल्या: पराकोटीची खात्री, पुराव्यानं न हलणं आणि मजकूर अशक्य असणं. तिसरी खूण लंगडी आहे हे कामाला लागल्यावर लवकरच कळतं. नवऱ्याला बायकोचा संशय येतो, आणि एखाद्या घरात बायकोचं खरंच बाहेर काही असतंही. तरी ‘खिडकीचा पडदा डावीकडे सरकलेला होता, त्यावरून मला कळलं’ असं तो म्हणत असेल, तर त्याचा संशय आजारच असू शकतो. तो कुठे पोचला यापेक्षा कोणत्या वाटेनं पोचला ते बघायचं.

आणखी एक. भ्रम म्हणजे आजाराचं नाव नव्हे. तापासारखं ते लक्षण आहे. स्किझोफ्रेनियात असतो, मेनियात (उत्साह आणि बढाई हाताबाहेर जाते त्या आजारात) असतो, खोल डिप्रेशनमध्ये (‘माझी आतडी सडली’, ‘आम्ही कंगाल झालो’), डिमेन्शियात, दारूत, बाळंतपणानंतर. नुसता भ्रमच, बाकी माणूस ठणठणीत, असाही एक आजार आहे. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ (जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी) प्रमाणे त्यासाठी तो निदान तीन महिने टिकलेला असावा लागतो. ही माणसं बँकेत जातात, सोवळ्यात स्वयंपाक करतात, नातवाचं गणित घेतात. फक्त त्या एका विषयाला हात लावला की दार बंद.

पहिल्या दिवशी ‘भ्रम’ हा शब्द मी तोंडातून काढत नाही. पेशंट जो शब्द वापरेल तोच मी वापरते: ‘ते लोक’, ‘तो त्रास’, ‘किडे’. केसपेपरवर मात्र त्यांचं वाक्य जसंच्या तसं, अवतरणात. आमच्या इंदूरच्या मराठी माणसांचं एक मजेशीर आहे. घरचं सगळं मराठीत सांगतील आणि छळणाऱ्यांची गोष्ट आली की गाडी हिंदीवर जाते: ‘‘वो लोग मेरे पीछे पडे हैं, डॉक्टर.’’ ते हिंदीतच लिहून ठेवा. सहा महिन्यांनी तेच वाक्य किती बदललं हे त्यावरूनच कळतं.

खोलीत येण्याआधी

निम्मे पेशंट आमच्याकडे फसवून आणलेले असतात. ‘‘बाबा, चला बीपी तपासून येऊ.’’ ‘‘छप्पनला पोहे खाऊन येऊ.’’ मग गाडी मानसोपचाराच्या पाटीसमोर थांबते. घरच्यांचा नाइलाज मला कळतो. पण ज्याला वाटतं की सगळे मिळून आपल्याविरुद्ध कट करताहेत, त्याच्याविरुद्ध आपण खरोखरच एक छोटा कट केलेला असतो.

म्हणून पहिल्या दोन मिनिटांत खोटं दुरुस्त करायचं. ‘‘नमस्कार काका. मी मनाच्या आजारांची डॉक्टर आहे. तुम्हाला बीपीसाठी म्हणून आणलं, ते चुकलं. परवा तुमच्या मुलाचा फोन आला होता. तुम्ही रात्री जागता, खिडक्या लावून बसता आणि त्याला काळजी वाटते, एवढं त्यानं सांगितलं. तुमची बाजू मला माहीत नाही. ती ऐकायला मी बसले आहे.’’ काही जण उठून जातात. जाऊ द्यावं. त्यातले बरेच पुढच्या वेळी येतात, कारण इथे कुणीतरी खरं बोललं.

बसायची जागा साधी: दार दोघांनाही मोकळं, खुर्च्या थोड्या तिरक्या. आधी पेशंटशी एकट्यानं बोला, नंतर नातेवाइकांशी, तेही पेशंटला सांगून. बंद दारामागे चाललेली कुजबुज ही या आजाराची खुराक आहे. फॅमिली डॉक्टरकडे वेटिंगला चाळीस माणसं असतात, त्यांना हे सगळं जमणार नाही. त्यांनी खोटं दुरुस्त करणं आणि एकट्यानं पाच मिनिटं ऐकणं, एवढं तरी करावं.

ऐका, पण फौजदार होऊन नको

‘का’ हा प्रश्न टाळा. ‘‘ते तुमच्याच मागे का लागतील?’’ हा प्रश्न नसतो, वाद असतो. त्याऐवजी विचारा: हे सगळ्यात पहिल्यांदा कधी लक्षात आलं? त्या दिवशी घरात काय चाललं होतं? कसं कळलं? यामुळे तुमचं काय बिघडलंय: झोप, जेवण, बाहेर जाणं? त्यावर तुम्ही काय उपाय करता?

पहिल्या दिवसाची गोष्ट तपशिलात काढा. बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांना खात्री होती की त्यांचा मोबाइल हॅक करून कुणीतरी त्यांचं बोलणं कॉलनीभर ऐकवतं. सुरुवात कुठून? बायकोचं वर्षश्राद्ध झालं त्या आठवड्यात आलेल्या एका फसव्या मेसेजपासून. मेसेज खरा होता, भीती रास्त होती. रिकाम्या घरात ती वाढत वाढत गेली. तासभर ऐकल्यावर मला दोन गोष्टी मिळाल्या: आजार कधी सुरू झाला ते, आणि या माणसाशी वर्षभरात कुणी तासभर बोललेलं नव्हतं हे.

उपाय काय करता, हा प्रश्न विसरू नका. कुणी पाणी तीनदा उकळतं, कुणी खिडक्यांना वर्तमानपत्र चिकटवतं, कुणी डेटॉलनं अंग घासतं, एकीनं तर फिनाइल लावलं होतं. भ्रमापेक्षा उपाय जास्त इजा करतो, असं कितीदा तरी दिसतं.

शेवटी हळूच: ‘‘शंभरातले किती टक्के खात्री आहे? कधी, अगदी एखाद्या क्षणी, दुसरं काही असेल असं वाटतं का?’’ ‘‘शंभर, एकशे दहा!’’ असं उत्तर आलं तर तो विषय तिथेच सोडा. ‘‘ऐंशी’’ आलं, तर उरलेले वीस पुढे उपयोगी पडणार आहेत. आजच त्यांच्यावर झडप घालू नका.

आता काकूंच्या डबीकडे. मी ती घेतली, टेबलावरचा दिवा ओढला, भिंग काढलं आणि खरंच बघितलं. नाटक म्हणून बघितलं तर पेशंटला लगेच कळतं. मग जे दिसलं तेच सांगितलं: ‘‘काकू, मला इथे धागा दिसतोय. हे कपड्याचं लव आहे. ही खपली. किडा मला दिसला नाही. पण तुमचा दंड रक्त येईपर्यंत खाजवलेला आहे हे मला दिसतंय. आणि तुम्ही रात्रभर जाग्या होतात, हेही तोंडावरून दिसतंय.’’

काकूंनी डबी बंद केली. ‘‘रात्रीचं बघितलं तर दिसतील,’’ म्हणाल्या. पण पदर सरकवून दंड पुढे केला.

तो भ्रमच आहे, हे कशावरून?

इथे माझी एक चूक सांगते. नवीन होते तेव्हा एक विधवा बाई आल्या. पुतणे घर लाटायला बघताहेत, कागद पळवताहेत, जेवणातून गुंगीचं देताहेत, असं त्यांचं म्हणणं. पुतण्यांनी नम्रपणे सगळं नाकारलं. मी ‘संशयविकार’ लिहून मोकळी झाले. चार महिन्यांनी त्या वकिलाबरोबर आल्या. घराच्या बक्षीसपत्रावर त्यांचा अंगठा होता, आणि त्या मॅट्रिक पास. आयुष्यभर सही करणारी बाई. गुंगीचं खरं होतं की नाही हे कधीच कळलं नाही. बाकी सगळं खरं होतं.

अशा घसरणीला नावसुद्धा आहे: मार्था मिचेल परिणाम. अमेरिकेचे माजी अॅटर्नी जनरल जॉन मिचेल यांची ही बायको. १९७२ च्या वॉटरगेट प्रकरणात आपल्याला कोंडून ठेवलं, सरकारात काळंबेरं चाललंय, असं ती सांगत होती तेव्हा तिला वेडी ठरवलं गेलं. नंतर तिचं बरंच खरं निघालं. तेव्हापासून मालमत्ता, हुंडा, मारहाण किंवा एकट्या म्हातारीचा विषय आला की त्या घरात ज्याचा काहीच स्वार्थ नाही अशा एका तरी माणसाशी मी बोलते. शेजारच्या काकू, माहेरचा भाऊ, दुधवालासुद्धा चालतो.

दुसरी चाळणी श्रद्धेची. करणी, मूठ, नजर, अंगात येणं हे आपल्या घराघरांत आहे. अख्ख्या घराला जे पटतं तो एकट्या माणसाचा भ्रम नव्हे, मग ते मला पटो न पटो. नवरात्रात आत्याच्या अंगात देवी येते, आरती होते, आत्या पाणी पिऊन उठते आणि साबुदाण्याची खिचडी करायला लागते, तिथे माझं काही काम नाही. पण रोज देवपूजा करणाऱ्या घरातली माणसंच म्हणू लागली, ‘‘अहो, हे आमच्यातलं नाही, ही सोळा सोमवार सोडून स्वतःलाच देवी समजते आणि जेवत नाही,’’ तर कान टवकारा. रेषा कुठे आहे ते डॉक्टरपेक्षा घरच्या श्रद्धाळू आजीला चांगलं कळतं. तिला विचारा. कधी सगळं घरच एकाचा भ्रम उचलतं. १८७७ साली फ्रान्सच्या लासेग आणि फाल्रे यांनी ‘दोघांचं वेड’ म्हणून लिहिलं ते हेच. तिथे आधी दोघांना काही काळ वेगळं ठेवून बघावं लागतं.

तिसरी चाळणी शरीराची, आणि इथे आळस नको. साठीनंतर पहिल्यांदाच भ्रम झाला, किंवा दोन दिवसांत अचानक झाला, तर ते शरीराचं काम समजा, उलट सिद्ध होईपर्यंत. लघवीचा संसर्ग, सोडियम कमी होणं, थायरॉइड, स्टिरॉइडच्या गोळ्या, पार्किन्सनवरचं औषध, मेंदूला मार. आमच्या शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता खूप. किडे चावतात म्हणणाऱ्याची साखर, बी-१२, लोह, किडनी बघायचीच. खरूज आणि उवा नाहीत ना, हेही. हे न बघता मनाची गोळी लिहिली आणि नातवालाही खरूज निघाली, तर तोंड दाखवायला जागा राहत नाही. पोराबाळांत गांजाबद्दल स्पष्ट विचारा. भांग ‘प्रसाद’ म्हणून घेतलेली असते, ती नशेत मोजलीच जात नाही, म्हणून तिचं नाव घेऊन विचारा.

‘तुम्हाला पटतं का?’

हा प्रश्न येतोच. बहुधा पहिल्याच भेटीत, तुम्ही नीट ऐकलंत तर हमखास.

वाद घालून भ्रम जात असता, तर घरच्यांनी आमच्याकडे आणायच्या आधीच गेला असता. मिल्टन रोकीच नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९५९ मध्ये अमेरिकेत इप्सिलँटीच्या इस्पितळात एक प्रयोग केला. स्वतःला येशू ख्रिस्त समजणारे तीन पेशंट त्यानं दोन वर्षं एकत्र ठेवले. एकाच वेळी तीन ख्रिस्त असू शकत नाहीत, मग कुणाचं तरी डोकं ठिकाणावर येईल असा कयास. आलं नाही. प्रत्येकानं उरलेल्या दोघांबद्दल काहीतरी खुलासा शोधला. माणसांशी असं खेळायचा आपल्याला हक्क नव्हता, अशी कबुली रोकीचनं पुढे दिली. समोरासमोरचा पुरावा इतका करून हरत असेल, तर तुमच्या ‘‘अहो विचार करा जरा’’चं काय घेऊन बसलात?

उलट टोकालाही जाऊ नका. ‘‘हो, मी एसपी साहेबांशी बोलते’’ हे पहिल्या दिवशी गोड लागतं. पुढच्या आठवड्यात काका विचारतात, ‘‘बोललात?’’ तेव्हा एक तर दुसरं खोटं बोलावं लागतं, नाही तर उघडं पडावं लागतं.

मग बोलायचं काय? झेविअर अमाडोर हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, त्यांच्या सख्ख्या भावाला स्किझोफ्रेनिया होता. त्यांनी सांगितलेली रीत मला आपल्या स्वभावाला जमणारी वाटते. आधी मत द्यायचं लांबवा: ‘‘सांगेन, नक्की सांगेन. पण आधी तुमचं पुरतं ऐकते, अजून पहिल्या दिवसाचं नीट कळलं नाही मला.’’ हे खरं असतं म्हणून चालतं. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा विचारलं की मग टाळू नका. सांगा, पण तीन गोष्टी बरोबर ठेवून: वाईट वाटलं तर माफी, माझंही चुकू शकतं, आणि पटलं नाही तरी आपलं बोलणं चालू राहील.

मी काकांना म्हणाले ते असं: ‘‘तुम्ही तीनदा विचारलंत, आता न सांगणं बरं नाही. ऐकून राग आला तर माफ करा. मोबाइलमधून कॉलनीला ऐकवतात, हे मला तसं वाटत नाही. मी चुकत असेन, मी तुमच्या घरात राहत नाही. पण तुम्ही घाबरलेले आहात, चार महिने धड झोपलेला नाहीत, आणि एकटे आहात, हे मला शंभर टक्के पटतं. एवढ्यावर तर आपलं एकमत आहे ना?’’

माझ्या सगळ्या कामाचा गाभा त्या शेवटच्या वाक्यात आहे. असं एक वाक्य शोधायचं, ज्याच्याखाली पेशंट आणि डॉक्टर दोघेही प्रामाणिकपणे सही करू शकतील. ‘किडे आहेत’ याखाली माझी सही होणार नाही, ‘किडे नाहीत’ याखाली काकूंची होणार नाही. ‘रात्री खाज सुटते आणि झोप लागत नाही’ याखाली दोघींची होते. मग उपचार त्या वाक्याचा करायचा. ते वाक्य सापडायला कधी दहा मिनिटं लागतात, कधी चार भेटी. एका तरुण मुलाच्या बाबतीत ते ‘आईशी रोज भांडण होतं आणि ते मला नकोय’ असं निघालं. आजाराचा त्यात शब्दही नव्हता.

‘‘म्हणजे तुम्हीही त्यांच्यातल्याच!’’ असं कुणी म्हणालं तर सफाई देत बसू नका. ‘‘असं वाटणं साहजिक आहे. आपली ओळख तासाभराची. मी कशी आहे ते बघा, मग ठरवा.’’ बस्स. आवाज खाली, हात टेबलावर, आणि हसू अजिबात नाही. पेशंटच्या बोलण्यात खरंच विनोदी काही आलं तरी नाही. मी एकदा हसले होते, एवढंच सांगते.

गोळीचं बोलणं

काकूंना मी म्हणाले, ‘‘ही गोळी किडे मारायची नाही. खाजेची जाणीव मेंदूपर्यंत पोचते तिथे ती काम करते, झोप आणते, मनाची ओढाताण कमी करते. हिला मनाच्या आजाराची गोळी म्हणतात. केमिस्ट सांगेल त्याआधी मीच सांगते.’’ आजकाल गोळीचं नाव मोबाइलवर टाकलं की आधी ‘स्किझोफ्रेनिया’ दिसतं. ते घरी कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळलेलं बरं.

रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, अॅरिपिप्राझोल ही रोजच्या वापरातली नावं. सुरुवात कमीत कमी मात्रेनं. झोप आणि घालमेल काही दिवसांतच सुधारते. खुद्द भ्रमाची पकड सैल व्हायला मात्र चार ते सहा आठवडे, कधी जास्त. हे आधी सांगितलं नाही तर दहाव्या दिवशी मुलगा फोन करतो, ‘‘काहीच फरक नाही, अजून तेच बोलतात.’’ वजन, साखर, हातापायांचा ताठरपणा, एका जागी बसवत नाही अशी तगमग, बायकांची पाळी चुकणं, हे सगळं आधी सांगून ठेवा. तगमग झाली आणि पेशंटला ती ‘त्यांनीच’ केलीय असं वाटलं, की तुमची गोळी कटात सामील झाली. दोन औषधं पुऱ्या मात्रेत, पुरा वेळ देऊनही हरली तर क्लोझापिन. त्याला पहिले अठरा आठवडे दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं.

आणि आता तो प्रश्न, जो घरचे दारात उभे राहून, आवाज खाली करून विचारतात: ‘‘डॉक्टर, चहातून दिली तर?’’ वरणातून, दुधातून, आमरसातून. मी नाही म्हणते. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा उपचारासाठी समजून-उमजून दिलेली संमती मागतो, हे एक कारण. दुसरं माझ्या डोळ्यांसमोरचं: जेवणात विष घालतात असं वाटणाऱ्या एका बाईंना वाटीच्या तळाशी गोळीची पूड सापडली. त्या दिवसापासून त्यांचा भ्रम भ्रम राहिला नाही. त्यांनी दोन वर्षं घरचं अन्न खाल्लं नाही. ज्यांनी आधीच चोरून दिलेली असते, त्या घरच्यांना मी रागवत नाही. त्यांच्या घरात एक रात्र काढली तर मीही तेच केलं असतं कदाचित. पण आता बंद करून सरळ रस्ता शोधू, असं म्हणते.

कुठे वाट बघायची नाही

इथे गोडगोड बोलण्यात वेळ घालवू नका. पहिल्या भेटीतच विचारायचं: ‘‘ते कोण आहेत? नाव माहीत आहे? समोर आले तर काय कराल? जवळ काही ठेवता का, चाकू, काठी? कंटाळून जीव द्यावा असं वाटतं? कुणी आवाजात हुकूम देतं?’’ विचारल्यानं डोक्यात नसलेलं येत नाही.

नवऱ्याचा संशय आणि वर दारू ही जोडी मला सगळ्यात भीतिदायक वाटते. तिथे बायकोला वेगळं बोलावून, घरातून निघायची वेळ आली तर कुठे जाल, हे ठरवूनच पाठवते. विष आहे म्हणून अन्नपाणी सोडलेल्यांसाठीही वाट बघायची नाही. आणि बाळंतीण: बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अचानक ‘हे माझं बाळ नाही, बदललंय’ असं म्हणू लागली, तर त्याच दिवशी दवाखाना. ‘बाहेरचं लागलंय, दृष्ट काढू’ म्हणत दोन रात्री घालवू नका. दृष्ट काढायची तर जाता जाता काढा.

२०१७ च्या त्याच कायद्यानं पेशंटच्या इच्छेशिवाय दाखल करता येतं, पण अटी आहेत. कलम ८९ खाली नामनिर्देशित प्रतिनिधीचा (पेशंटच्या वतीनं निर्णयात मदत करणाऱ्या माणसाचा) अर्ज लागतो. दोघा जणांनी, त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ, वेगवेगळं तपासावं लागतं. जिवाला किंवा दुसऱ्याला धोका, नाही तर स्वतःची काळजी घेण्याची असमर्थता, यातलं काही हवं. मुदत तीस दिवसांपर्यंत. तातडीत कलम ९४ खाली कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर बहात्तर तासांपर्यंत उपचार देऊ शकतो. फॅमिली डॉक्टरांना हे बहुधा ठाऊक नसतं. बाणगंगेचं मानसिक रुग्णालय आपल्याच गावात आहे, तरी नुसतं नाव काढलं की आमच्या मराठी घरांत सन्नाटा पसरतो. म्हणून आधी एम.वाय. या मोठ्या सरकारी रुग्णालयाची ओपीडी सुचवली तर पाऊल लवकर उचललं जातं. रात्री-अपरात्री बोलायला टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासून, फुकट.

पकड सैल झाली की

भ्रम जातो तो दिवा मालवल्यासारखा नाही. आधी त्याच्याबद्दल बोलणं कमी होतं, मग त्यासाठी केलेले उपाय कमी होतात, खात्री सगळ्यात शेवटी, आणि कधी पुरती जातच नाही. म्हणून ‘‘आता पटलं ना, तेव्हा वेड्यासारखं बोलत होतात?’’ असली कबुली काढून घेऊ नका. तिचा उपयोग फक्त घरच्यांच्या अहंकाराला.

बोलण्याचा उपचार आता चालतो. अॅरन बेक यांनी १९५२ मध्येच असा एक पेशंट बोलण्यातून सुधारल्याचं लिहिलं होतं. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांत आता सोळा तरी बैठका सांगतात. सुरुवात भ्रमाच्या कडेनं करायची, मधोमध नाही. काकांना मी विचारलं नाही की हॅकर आहेत की नाहीत. विचारलं, ‘‘काल भाजीवाला तुमच्याकडे बघून हसला, त्याची आणखी काय काय कारणं असतील?’’ त्यांनी स्वतःच चार काढली. चौथं: ‘‘माझ्या स्वेटरची बटणं वर-खाली लागली होती.’’ पुढच्या आठवड्यात एक तास मोबाइल घरी ठेवून राजवाड्यापर्यंत जायचं ठरवलं, परत आल्यावर भीती दहापैकी किती ते लिहायचं. असं महिनाभर.

सुधारल्यावर कित्येकांना उदासी येते, हे लक्षात असू द्या. आपल्यामागे सगळं गाव लागलंय, यात एक प्रकारचं महत्त्वही असतं. ते गेल्यावर उरतं रिकामं घर आणि तुटलेली नाती. त्या महिन्यात भेटी वाढवा. सगळं छान आहे समजून तीन महिन्यांची तारीख देऊन टाकतात, ते नेमकं चुकीच्या वेळी.

घरच्यांना दोन शब्द

रोज एकदाच हरकत नोंदवा, ‘‘मला तसं वाटत नाही, पण तू घाबरली आहेस हे दिसतंय,’’ आणि विषय चहावर न्या. दिवसभर उलटतपासणी केली तर आजार लवकर उलटतो. डिमेन्शिया झालेली आजी ‘‘कामवालीनं पाटल्या चोरल्या’’ म्हणाली, तर पुरावे मागू नका. उठा, तिच्याबरोबर शोधा, गादीखाली, तांदळाच्या डब्यात. बहुतेक वेळा तिथेच असतात. सापडल्या तर ‘‘बघ, तूच ठेवल्या होत्यास’’ हे गिळायचं. या वयात गोळ्यांचा हात आम्हीही आखडता घेतो. डिमेन्शियात या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००५ मध्येच दिला आहे.

काकू पाचव्या भेटीला आल्या तेव्हा दंडावरचे वण सुकले होते. मुलगा बाहेर स्कूटरजवळ थांबला होता, आता आत यायची गरज वाटत नाही म्हणाला. काकूंनी सवयीनं पिशवीतून डबी काढून टेबलावर ठेवली. मी दिवा ओढला, भिंग घेतलं.

‘‘राहू द्या हो,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आहेत त्यात दोन-चार. पण आज आधी माझा गुडघा बघा, चार दिवस झाले, जिना चढवत नाही.’’